सांगोल्याचं बघून लांज्यात नांगर सोडू का?

पत्र

माझं माहेर सांगोला तालुक्यात आणि सासर लांजा तालुक्यात. मिस्टर मुंबईला नोकरीत, त्यामुळे शेती मी आणि सासरे मिळून बघतो. माझ्या भावाने चार वर्षांपूर्वी नांगरट बंद केली. बाजरी काढली की धसकटं तशीच ठेवतो, तुरीचा पाला शेतातच पडू देतो, हुलगा-मटकीची फेरपालट करतो. यंदा त्याच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.42 वरून 0.61 टक्क्यांवर गेला, म्हणून तो भलताच खूश आहे. "तूही कर, नांगर ही नुसती सवय आहे," म्हणतो. मी आमच्या खाचराची माती तपासून घेतली. सामू (पीएच) 5.4, सेंद्रिय कर्ब 1.1 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) मध्यम. सासरे नांगर सोडायला तयार नाहीत आणि दरवर्षी राबही भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर शेण-पाला जाळतात. "नांगर नाय फिरवलास तर भात काय आभाळातनं पडनार?" असं विचारतात. जमीन पावणेदोन एकर. थोडी खालची मळ्याची, थोडी वरची खाचरं, उतारावर थोडं वरकस (नाचणीसारख्या पिकाची हलकी जमीन) आणि हापूसची पंधरा कलमं. कुणाचं ऐकू?

— एक वाचक भगिनी, लांजा तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

थेट उत्तर आधी देते. खालच्या मळ्यातला नांगर आणि चिखलणी आत्ता सोडू नका. वरच्या एखाद्या खाचरात सोडून बघा. राब बंद करता येईल, पण त्याच्या जागी काय करायचं ते ठरवूनच. आणि भात कापल्यापासून पुढच्या जूनपर्यंत तुमचा भाऊ करतो ते जवळजवळ जसंच्या तसं उचला, कारण त्या सात-आठ महिन्यांत तुमचं लांजं सांगोल्याइतकंच कोरडं असतं.

आता कारणं सांगते. ती कळली नाहीत तर घरातला वाद मिटायचा नाही.

भावाच्या शेतात नेमकं काय झालं ते बघू. सांगोल्यात पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. माती काळी, चुनखडीची, सामू साधारण 8 च्या पुढे. अशा जमिनीत पिकाचं अडतं ते आधी ओलीवर. अन्नद्रव्यं असली तरी कोरड्या मातीतून ती मुळांपर्यंत पोचत नाहीत, आणि जिवाणूही सुस्त पडून राहतात. भावाने धसकटं ठेवली, पाला पडू दिला. त्यामुळे ऊन थेट मातीवर पडायचं थांबलं, बाष्पीभवन कमी झालं, पावसाचा थेंब पाल्यावर आपटायला लागला आणि पाणी वाहून जाण्याऐवजी मुरलं. ओल टिकली म्हणून जिवाणू कामाला लागले, आणि ते कामाला लागले म्हणून पाल्यातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद पिकाला मिळायला लागलं. नांगरट न केल्याने आतला कर्ब उघडा पडून हवेत जाण्याचं प्रमाणही घटलं. तूर, हुलगा, मटकी यांनी हवेतलं नत्र आणून टाकलं. या तिन्ही गोष्टी, म्हणजे मातीची कमी उलथापालथ, कायम आच्छादन आणि फेरपालट, एकत्र केल्या म्हणून हे झालं. त्यातली एकच उचलली तर बऱ्याचदा तोटा होतो.

हे माझं एकटीचं मत नाही. 2015 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 63 देशांतल्या 610 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सरसकट बघितलं तर बिननांगरटीच्या शेतात उत्पादन सरासरी 5.7 टक्क्यांनी घटलेलं होतं. पण कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत आणि आच्छादन-फेरपालट जोडीला असताना ते 7.3 टक्क्यांनी वाढलं होतं. भाऊ नेमका या दुसऱ्या गटात बसतो. तुम्ही पावसाळ्यात बसत नाही.

भावाला मात्र माझ्याकडून एक विचारा. दोन्ही वेळा मातीचा नमुना किती खोलीवरून घेतला होता? नांगरट थांबली की कर्ब, स्फुरद, पालाश हे सगळं वरच्या दोन-तीन इंचांत गोळा होतं, कारण वरून पडलेलं खाली मिसळायला कुणी नसतं. पहिला नमुना वीतभर खड्ड्यातून घेतला आणि दुसरा वरवर खरवडून, तर आकडा मातीपेक्षा खुरप्यामुळे वाढलेला असू शकतो. खोली तीच असेल तर त्याचं मनापासून अभिनंदन. कोरडवाहू शेतात या वरच्या थराची आणखी एक अडचण असते. पावसाने ओढ दिली की सगळ्यात आधी वाळतो तो हाच थर, आणि स्फुरद नेमकं तिथेच अडकून बसलेलं असतं. म्हणून त्या भागात खत वर फेकण्याऐवजी पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला दिलं तर बरं. पहिल्या एक-दोन वर्षांत बाजरी पिवळी पडली असेल तर त्याचंही आश्चर्य नको. धसकटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः वापरतात, पिकाला ते मागाहून मिळतं.

आता तुमची माती. लांज्याला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो सगळा चार महिन्यांत. जांभ्यापासून झालेली तांबडी माती म्हणजे चाळण. काळ्या मातीच्या कणांना अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मोठी असते, आपल्या मातीला ती फार कमी. म्हणून चुना, मॅग्नेशियम, पालाश ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या धुऊन नदीला आणि खाडीला गेली, आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. तुमचा सामू 5.4 आहे तो याचमुळे. स्फुरद कमी आलंय तेही याचमुळे. ते मातीत नाही असं नाही, पण लोह आणि ॲल्युमिनियमने ते धरून ठेवलेलं असतं. भावाच्या मातीत तेच काम चुनखडी करते. रोग एक दिसतो, कारण उलटं आहे, म्हणून औषधही वेगळं. एक उदाहरण देते. रॉक फॉस्फेट हे स्फुरदाचं खत तुमच्या आम्ल मातीत हळूहळू विरघळतं आणि उपयोगी पडतं. भावाने ते त्याच्या शेतात टाकलं तर पैसे मातीत गेले म्हणायचं.

आणि कर्ब? तुमचा 1.1 टक्के आहे. माती परीक्षणाच्या कोष्टकात 0.75 च्या वर गेला की ‘जास्त’ लिहितात. भावाच्या शेतात जे कमी होतं, ते तुमच्याकडे आधीपासून आहे. तेव्हा "कर्ब वाढवा, सगळं ठीक होईल" हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तुमचा प्रश्न आहे तो धुऊन जाणाऱ्या आणि अडकून बसणाऱ्या अन्नद्रव्यांचा.

इथेच सासऱ्यांच्या नांगराची बाजू येते. खाचरात पाणी साचवून चिखल केला की मातीतली हवा संपते. हवा संपली की तांबड्या लोहाचं रूप पालटतं आणि त्याने आवळून धरलेलं स्फुरद थोडंफार सुटतं. शिवाय आम्ल मातीचा सामू पाण्याखाली काही आठवड्यांत आपोआप वर सरकतो, 6.5-7 च्या जवळपास जातो. म्हणजे तुमचं भात जेव्हा खातं-पितं, तेव्हा ते 5.4 सामूच्या मातीत उभंच नसतं. चिखलणीने पाणी खाली झिरपायचं कमी होतं, त्याबरोबर खत खाली जाणंही कमी होतं, आणि तण दबतं ते वेगळंच. सासऱ्यांनी हे पुस्तकात वाचलेलं नसेल, पण त्यांच्या हातांना ते ठाऊक आहे. चिखलणीचा तोटाही आहे. मातीची रवाळ घडण मोडते, खाली घट्ट थर बसतो, आणि भातानंतर ती जमीन वाळून टणक होते, मग वाल-कुळथाची मुळं आत जायला कंटाळतात. फायदा पावसाळ्यात, तोटा हिवाळ्यात, असं ते गणित आहे.

म्हणून मळा आहे तसा ठेवा. प्रयोग करायचा तर वरच्या खाचरात करा, जिथे पाणी साचून राहत नाही आणि चिखलणीचा फायदा तसाही अर्धामुर्धाच मिळतो. बिननांगरटीच्या भाताची पद्धत आपल्याच कोकणात तयार झालेली आहे. कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस तंत्र’ उभं केलं. त्यात गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर ठरावीक अंतराने भात टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, आणि त्याच वाफ्यांवर पुढचं पीक, पुढचं भात. चिखलणी नाही, लावणीची कंबरमोड नाही. मजूर मिळत नाहीत अशा गावात ही शेवटची गोष्टच माणसाला पटते. जुनी मुळं कुजून मातीत ज्या नळ्या तयार होतात त्यातून हवा आणि पाणी खेळतं, गांडुळं वाढतात.

पण दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. गादीवाफ्यावर पाणी साचत नाही, म्हणजे वर सांगितलेला स्फुरद सुटण्याचा आणि सामू वर जाण्याचा फायदा तिथे मिळत नाही. म्हणून वाफे करण्याआधी, नांगर शेवटचा फिरतो तेव्हाच, शेतीचा चुना मातीत मिसळून घ्या. चुना जागेवरून हलत नाही. नंतर वरून पसरलात तर वरच्या बोटभर मातीचाच सामू सुधारेल आणि मुळं खालच्या आंबट मातीतच राहतील. रॉक फॉस्फेट वापरायचं असेल तर ते मात्र चुन्याबरोबर नको, आंबट मातीतच ते विरघळतं. तेव्हा त्या वाफ्यांना सुपर फॉस्फेट द्या, तेही पसरून नको, ओळीत. पसरलेलं खत सगळ्या मातीशी भिडतं आणि अडकतं, ओळीतलं कमी अडकतं.

दुसरी गोष्ट तण. चिखल नाही म्हणजे तण येणारच, आणि पहिली दोन वर्षं भरपूर येणार. या पद्धतीत पेरणीआधी तणनाशक वापरतात. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये निर्बंध आणणारी अधिसूचना काढली होती, तेव्हा आज काय चालतं आणि काय नाही हे तालुका कृषी कार्यालयात विचारूनच दुकानात जा. तुमच्या पाटाचं, विहिरीचं पाणी खालच्या मळ्यातून आणि घराजवळूनच जाणार, हेही लक्षात ठेवा. दोन-तीन गुंठ्यांत हाताने खुरपणी होऊ शकते. प्रयोग तेवढाच ठेवण्याचं खरं कारण तेच.

आता राब. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या घरची अन्नद्रव्यं सगळ्यात जास्त तिथे खर्च होतात.

सासरे काय जाळतात ते आठवा. शेण, कवळ तोडून आणलेल्या ऐन-किंजळीच्या फांद्या, पातेरा, गवत, वर माती. जाळलं की नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं, गंधकाचाही मोठा भाग जातो. राखेत पालाश, चुना आणि बरंचसं स्फुरद राहतं. म्हणजे आंबट मातीवर राख पडते तेव्हा तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्याला, चुना आणि पालाश एकदम मिळतं, आणि रोपं दिसायलाही टरारून येतात. तापल्यामुळे वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, किडी मरतात. तेव्हा राब ही अडाणी पद्धत आहे असं कुणी म्हटलं तर त्याला माती आणि तण यातलं काहीच कळत नाही असं समजा. तरीही ती सोडावी असं मी म्हणते, कारण हिशोब तोट्याचा आहे. दोन-चार गुंठ्यांच्या तरव्यासाठी एकरभराच्या शेताचं शेण आणि डोंगराचा पाला जातो. जे शेण पूर्ण शेताला नत्र देऊ शकलं असतं, त्याचा आकाशाला धूर. कवळासाठी बोडकी केलेली झाडं तुमच्या वरकसाच्या उतारावरचीच असतात, मग पावसात तिथली माती खाली येते.

राबाची दोन कामं वेगवेगळी भागवा. तणासाठी, तरव्याच्या जागेवर मे महिन्यात पाणी मारून तण उगवू द्या आणि वरवर खरवडून काढा. शक्य असेल तर हे दोनदा करा. वळवाचा पाऊस झाला तर पाणीही मारावं लागत नाही. पोषणासाठी गादीवाफा करून त्यात कुजलेलं शेणखत आणि गिरणीतून मिळणारी भाताच्या तुसाची काळी राख मिसळा, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. या राखेत सिलिका असते, रोप ताठ राहतं, किडीला आणि करप्याला जरा तोंड देतं. राखच आहे म्हटल्यावर सासऱ्यांनाही फार परकं वाटणार नाही.

ही काळी राख म्हणजे चारसूत्री भातशेतीतल्या पहिल्या सूत्राचा भाग. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ती पद्धत, कोकणात अनेकांनी वापरलेली. तिचं दुसरं सूत्र तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं: गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. बांधावर पावसाळ्याच्या सुरुवातीला छाट लावा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पाला कापायला मिळतो. गुंठ्याला 30 किलो ओला पाला, लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात. हा पाला कोवळा, नत्राने भरलेला, त्यामुळे लवकर कुजतो आणि बाजरीच्या धसकटासारखं नत्र अडवून धरत नाही. कवळासाठी डोंगर चढण्यापेक्षा बांधावरची कत्ती बरी. आणि चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचं: लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. कोकणच्या पावसात वर फेकलेल्या युरियाचं काय होतं ते तुम्ही दरवर्षी बघताच. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोच्या रखरखीत भागात, याकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरलं. कोरड्या हंगामात शेतभर छोटे खड्डे घ्यायचे, शेणखत फक्त खड्ड्यात टाकायचं आणि बीही तिथेच. त्याबद्दल 2018 मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पाणी कमी असो की जास्त, थोडं खत मुळाजवळ ठेवणं हे दोन्हीकडे लागू पडतं.

पेंढ्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. एक टन पेंढ्यात साधारण 14 ते 20 किलो पालाश, 5 ते 8 किलो नत्र आणि 40 ते 70 किलो सिलिकॉन असतं. पालाशच मोजलं तर म्युरेट ऑफ पोटॅशची अर्धी गोणी झाली. आता हा पेंढा जातो कुठे? थोडा गुरांना, थोडा आंब्याच्या आढीला, आणि उरलेला पेटीत भरून वाशीच्या बाजारात. तुमच्या खाचरातलं पालाश दर मे महिन्यात हापूसबरोबर मुंबईला जातं, परत येत नाही. सगळा पेंढा शेतात ठेवा असं मी म्हणणार नाही. गुरं आहेत, कलमं आहेत. सांगोल्यातही कडब्यावरून हाच झगडा चालतो. पण कापणी चार-सहा बोटं वरून करा, धसकट उंच ठेवा. मळणीचा चुरा आणि भिजलेला, कुजका पेंढा उकिरड्यावर न टाकता वरच्या खाचरात पसरा. आणि गोठ्यातलं शेण-मूत भिजलेलं अंथरूण, ते तर सोनं आहे, ते राबात जाऊ देऊ नका.

भात निघाल्यावरचा काळ भावाचा. कापणी झाली की दोन-चार दिवसांत, ओल असतानाच, धसकटांच्या मधे कुळीथ, चवळी किंवा कडवे वाल टोका. नांगर फिरवायची गरज नाही. नांगरलंत तर उरलीसुरली ओल उडून जाईल. ही पिकं खोल मुळांनी खालची ओल घेतात, मुळांवरच्या गाठींतून नत्र आणतात. आंबट मातीत या गाठी कमी धरतात, त्यामुळे चुना टाकलेल्या तुकड्यात फरक नजरेला दिसेल. शेंगा तोडल्यावर वेल उपटू नका, कापा. मुळं आत, पाला वर. मे अखेरीपर्यंत माती झाकलेली राहिली की पहिल्या पावसात जी तांबडी माती पऱ्यातून वाहते, त्यातली निदान तुमच्या वाट्याची तरी थांबेल. उतारावरच्या वरकसात हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथे नाचणी करत असाल तर उताराला आडवी करा, आणि जमीन भाजून खणण्याऐवजी ओळीपुरतीच उकरा.

कागदावर हे फार सोपं दिसतं. गावात दिवाळीनंतर गुरं मोकळी सोडतात हे तुम्हाला माहीत आहे. एका घराने कुळीथ केला तर तो गावच्या गुरांचा खुराक होतो. यावर तंत्र नाही, गावकीच आहे. शेजारच्या दोन-तीन घरांना सोबत घेऊन सलग तुकडा केलात आणि गुरं एकीकडे राखायचं ठरलं तरच जमेल, नाहीतर पहिल्या वर्षी घराजवळचा, राखता येईल तेवढाच तुकडा घ्या. रानडुकरांचं काय करायचं हे मात्र मला विचारू नका.

आणि वणवा. कलमांखाली पालापाचोळा साठू द्या असं मी सांगणार आहे, कारण आंब्याच्या पानात चुना भरपूर आणि तुमच्या मातीला तोच हवाय. झाडून, ढीग करून जाळण्यात अर्थ नाही. पण जानेवारीनंतर कुठून ठिणगी येईल सांगता येत नाही. बागेच्या कडेने तीन-चार मीटरचा पट्टा पूर्ण साफ करून जाळरेषा काढा, मगच आत आच्छादन. पाला बुंध्याला टेकू देऊ नका, हातभर लांब ठेवा, वाळवी लागते. आच्छादन पावसाळा संपताना, ऑक्टोबरात, माती ओली असतानाच करा. फेब्रुवारीत वाळलेल्या मातीवर पाला टाकून काही राखलं जात नाही.

राहिले सासरे. "भाऊ म्हणतो" हे शब्द त्यांच्यासमोर पुन्हा काढू नका, एवढं ऐका. चाळीस-पन्नास पावसाळे ज्यांनी या मातीत काढले, त्यांना दुष्काळी भागातला तरुण नांगराबद्दल शिकवतो म्हटल्यावर ते नांगर आणखी घट्ट धरणार. त्याऐवजी कुठल्या खाचरात पाणी थांबत नाही, कुठे भात दरवर्षी पिवळं पडतं, हे त्यांनाच विचारा. ते तुम्हाला बोट दाखवून सांगतील. तोच तीन गुंठ्यांचा तुकडा मागून घ्या. राब यंदा अर्ध्या तरव्याला भाजू देत, अर्ध्याला काळ्या राखेचा गादीवाफा करा, आणि दोन्हीकडची रोपं वेगवेगळ्या खाचरांत लावा. कोणतं चांगलं हे तेच ठरवतील, आणि ते जे ठरवतील त्यावर मी वाद घालणार नाही.

मातीचा नमुना परत घ्या, पण एका खाचराचा नको. मळा, वरचं खाचर, वरकस आणि कलमांची जागा असे चार वेगळे नमुने. वेळ एप्रिल-मे, खत टाकायच्या आधी. प्रत्येक तुकड्यात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या राबाच्या जागेची माती घेऊ नका. कलमांसाठी मात्र जास्त खोलीचा नमुना लागतो, तो प्रयोगशाळेला विचारून घ्या. वरच्या खाचरात नांगर सोडलात की दोन वर्षांनी तिथले दोन थर वेगळे तपासा, वरचे पाच सेंटिमीटर आणि त्याखालचे दहा, म्हणजे भावाच्या आकड्यासारखी शंका राहणार नाही.

नमुना देताना प्रयोगशाळेत विचारा की स्फुरद ‘ब्रे’ पद्धतीने काढतात का. आम्ल मातीला तीच लागते. ‘ओल्सेन’ पद्धत भावाच्या मातीसाठी ठीक, तुमच्या मातीचा आकडा तिने चुकीचा येऊ शकतो. आधीच्या अहवालात कोणती वापरली होती तेही बघून ठेवा, आणि चुन्याची मात्रा त्यांच्याकडूनच लिहून घ्या. सामू 5.4 एवढ्यावरून मी इथे बसून ती सांगणार नाही.